रुळांपल्याडचा आवाज

रुपराव गजभियेचा डावा डोळा असून नसल्यासारखा होता. लहानपणी देवी आल्या, पोर वाचलं, पण त्या डोळ्यात पांढरं फूल पडलं. त्यातून त्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळे. बाकी सगळं जग त्यानं उजव्या डोळ्यानं पाहिलं. त्याच एका डोळ्याच्या जोरावर तो सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन झाला आणि वर्षानुवर्षं कालव्यांचे, मोऱ्यांचे, लहान पुलांचे नकाशे काढत राहिला. मान डावीकडे कलती करून, डोळ्याशी भिंग धरून तो ट्रेसिंगच्या कागदावर वाकला की शेजारच्या टेबलावरच्या गप्पाही जरा हळू होत.

त्याचं घर पाचपावलीच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे. बाप गिरणीत होता. छप्पन साली सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा रुपराव शाळेत होता, आणि त्याच शाळेत त्याला श्रीधर भेटला. श्रीधरचं घर रुळांच्या पलीकडे, दुमजली. दोघांना एकच खूळ होतं, रेडिओचं. गॅलेना या खनिजाचा खडा, तांब्याची तार आणि भंगारातून आणलेला एक हेडफोन एवढ्यावर त्यांनी श्रीधरच्या गच्चीवर पहिला रेडिओ बोलता केला. श्रीधरची आई रुखमाबाई रुपरावला पाणी वरून ओतून द्यायची. पण त्या दिवशी रुपरावच्या कानावरचा हेडफोन तिनं काढून घेतला, स्वतःच्या कानाला लावला आणि भजन संपेपर्यंत सोडला नाही. पाणी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं वरूनच मिळत राहिलं. रुपरावनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. श्रीधरनं मात्र आईशी भांडून भांडून शेवटी ते बंद करवलं.

पुढे रुपराव हापिसात लागला. श्रीधरनं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा काढला. लग्न असो, मिरवणूक असो, सभा असो, श्रीधरचे भोंगे तिथं असायचेच. माणूस उंच, अंगानं भरलेला, आवाज असा की मायक्रोफोन तपासताना त्याला मायक्रोफोनची गरज नसे. अशाच एका मिरवणुकीसाठी बांबूच्या मचाणावर चढून भोंगा बांधताना दोर सुटला आणि श्रीधर खाली आला. कंबर मोडली. कमरेखालचं अंग मेलं ते मेलंच.

शोभाताईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वरच्या मजल्यावर खिडकीशी खाट टाकली. पहिले काही महिने माणसांची रीघ लागली. मग श्रीधर लोकांना हाकलून द्यायला लागला. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांचा वास यायचा आणि तो वास आपल्याला येतो तसा समोरच्यालाही येत असणार हे त्याला सहन होत नसे. एका रविवारी रुपराव बसला असताना चादर सरकली. श्रीधरनं घाईघाईनं ती ओढली आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "तू नको येत जाऊ बे. बाकीचे गेले की मले बरं वाटते. तू गेला की मले लाज वाटते."

रुपराव घरी आला. गच्चीवर जाऊन उभा राहिला. रूळ, मालगाडीचे उभे डबे, त्यापलीकडे घरांची रांग, आणि त्या रांगेत श्रीधरची खिडकी. इथून ती स्पष्ट दिसत होती. टेलिफोनसाठी अर्ज करून लोक म्हातारे होत, त्यामुळे तो मार्ग नव्हताच. पण उजेड तर मधल्या रुळांवरून कुणाची परवानगी न घेता जाऊ शकत होता.

आवाज उजेडावर चढवून पाठवायची जोडणी रुपरावनं इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात पाहिली होती. साध्या दिव्यानं करून पाहिली तर आवाज फाटकापर्यंतही पोचेना. तेव्हा शोभाताईचा भाऊ गिरिधर, जो जहाजावर होता, त्यानं सिंगापूरहून दोन लेसर डायोड आणून दिले. हरभऱ्याच्या दाण्याएवढी सोनेरी टोपी, तिला केसासारखे तीन पाय. त्यांच्याबरोबर माहितीचा कागद नाही, पुठ्ठा नाही, काही नाही. त्याचा उजेड जवळजवळ दिसतच नसे. तिन्हीसांजेला पांढरा कागद धरला तर त्यावर मंद, गर्द लाल ठिपका पडे, एवढंच. एक डायोड रुपरावच्या गच्चीच्या कठड्यावर पत्र्याच्या नळीत बसला, दुसरा श्रीधरच्या खिडकीत. प्रत्येकाच्या बाजूला एक मोठं भिंग आणि त्यामागे उजेड टिपणारा सेल.

ज्या संध्याकाळी नळ्या एकमेकींच्या नेमक्या समोर आल्या त्या संध्याकाळी रुपरावनं मायक्रोफोनमध्ये घाबरत विचारलं, "श्रीधर, ऐकू येते का गा?"

"येते ना बे!" गच्चीवरच्या स्पीकरमधून श्रीधर गरजला. "इतका बोंबलू नको, ड्रायव्हर मालगाडी थांबवन!"

रुपरावची बायको कौशल्या स्वयंपाकघरातून धावत वर आली. तिला वाटलं, श्रीधरभाऊ चालत आले.

तो हिवाळा चांगला गेला. रोज संध्याकाळी हापिसातून आल्यावर रुपराव गच्चीवर जाई. दोघं बोलत. श्रीधर भाषणं देणाऱ्या पुढाऱ्यांच्या नकला करी, जुन्या मिरवणुका सांगी, शिव्या देई, हसे. त्या आवाजाला खाट नव्हती, जखमा नव्हत्या, वास नव्हता. शोभाताई एकदा बाजारात कौशल्येला म्हणाली, "दुपार कलली की वाट पाहून राहतेत वं. केस विंचरून मांगतेत. जसं काही भाऊजी तेथून पाहूनच राहिले."

एप्रिल लागला आणि रुपरावचा आवाज पलीकडे खरखर करायला लागला. श्रीधरचा आवाज रुपरावला साफ ऐकू येई, पण रुपरावचा त्याच्यापर्यंत जाताना मधेच विरघळे. लेसरचा जोर गेला होता. रुपरावनं आधी भिंगावरची धूळ स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. मग यंत्राला जोडलेली मोटारसायकलची बॅटरी बदलून पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं की दिवसभर गच्चीवर आग ओतते, पत्र्याच्या नळीला हात लावला तर चटका बसतो, आणि असल्या डायोडला ताप मानवत नाही. त्यानं डायोडमागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला ओल्या फडक्याची घडी बांधली. एक-दोन दिवस आवाज सुधारला. मग पुन्हा तेच.

आणि एका संध्याकाळी तो पार बंदच झाला. रुपराव मायक्रोफोनमध्ये हाका मारत होता आणि स्पीकरमधून श्रीधर विचारत होता, "रुपा? हाय का तू? तुहा आवाज नाही येऊन राहिला. माहा ऐकू येत असन तर टॉर्च दाखव."

रुपरावनं टॉर्च लावून विझवला.

"हां, दिसला! आता आयक. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बॅटरी तपासली?"

टॉर्च एकदा चमकला.

"करंट जाऊन राहिला आत?"

रुपरावनं मीटर लावला. काटा थरथरत होता, मधेच शून्यावर येत होता. काय सांगावं? त्यानं एकदा दाखवला, मग दोनदा.

"हो अन् नाही? मंग कुठंतरी जोड सुटला हाय." श्रीधरचा आवाज उत्साहानं भरला होता. अपघातानंतर पहिल्यांदाच कुणाचं तरी यंत्र तो दुरुस्त करत होता, आणि तेही खाटेवरून. "कागदावर ठिपका पडते?"

दोनदा.

"अंधुक तरी?"

दोनदा.

"मंग आत पाय ना बे. डोळा लावून पाय. काच तडकली असन, नाहीतर काही तरी जाऊन बसलं असन."

असल्या उजेडात डोळा घालायचा नसतो हे रुपरावला ठाऊक नव्हतं असं नाही. मासिकात ते ठळक छापलं होतं. पण समोरची वस्तू मेलेली होती. मेलेल्या दिव्याला कोण घाबरतं? आणि बॅटरी काढली तर तो कुठं पेटतो ते कळणार कसं? त्यानं खिशातलं भिंग काढलं, मान डावीकडे कलती केली आणि उजवा डोळा नळीच्या तोंडाशी नेला. दुसऱ्या हातानं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं डायोडच्या पायाशी जोडलेली तार हळूच दाबली.

आत लाल दिसलं. राख चढलेल्या निखाऱ्यात आत कुठंतरी लाली असते, तसं. मंद, शांत. डोळा दिपला नाही, पाणी आलं नाही, काही दुखलं नाही.

"आला!" स्पीकर ओरडला. "आला बे! करकर झालं! कुठं हात लावला तू? तसाच धर, हालू नको!"

"आला का?" रुपराव म्हणाला. आपला आवाज पोचला या आनंदात त्यानं डोळा काढलाच नाही.

"ठणठणीत! बोलत राय. कोणता जोड हाय ते नीट पाहून घे. सोडू नको आता, नाहीतर पुन्हा सापडाचा नाही."

रुपरावनं नीट पाहून घेतलं. तार दाबली की ती लाली फुले, सोडली की विझे. मधल्या पायाचं सोल्डर उन्हानं तडकलं होतं. वरून धरल्यासारखं दिसे, आतून सुटलेलं. लाली फुलवत, विझवत त्यानं खात्री करून घेतली. खालून कौशल्येनं जेवायला हाक मारली तेव्हा कुठं तो सरळ झाला. मग त्यानं सोल्डरिंगची इस्त्री तापवून तो जोड नवा केला, आणि अंधार पडेपर्यंत दोघं मित्र असे बोलत राहिले, जसे कधी बोललेच नव्हते.

झोपताना डोळ्यापुढे एक हिरवट डाग तरंगत होता. बल्बकडे पाहिल्यावर येतो तसा. सकाळपर्यंत जाईल, म्हणून तो झोपला.

सकाळी वर्तमानपत्राच्या मथळ्यातली मधली अक्षरं नव्हती. त्यानं डोळा धुतला, चष्मा पुसला. उन्हाची झळ लागली असेल असं म्हणून तो हापिसात गेला. तिथं शाईची रेघ पेनच्या टोकापाशीच दिसेना. मागे दिसे, पुढचा कागद दिसे, पण टोक जिथं असायला हवं तिथं धूर. संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यानं नळीसमोर कागद धरला. ठिपका नव्हता. नजर बाजूला वळवली की काहीतरी लालसर असल्याचा भास होई, सरळ पाहिलं की गायब.

"श्रीधर, डायोड पुन्हा बसला बे," तो मायक्रोफोनमध्ये म्हणाला.

"काय बसला? तुहा आवाज तर घंटीसारखा येऊन राहिला."

"ठिपका मेला हाय पार."

"असन. मले तर काही फरक नाही."

पण रुपरावला ते पटेना. त्यानं जोड पुन्हा उकलला, पुन्हा केला. भिंग काढून घासलं. मीटर लावला, तर काट्याचं टोक दिसेना, म्हणून मीटरची काच मळली असं ठरवून तीही पुसली. प्रत्येक संध्याकाळी तो त्या नळीशी झटत राहिला आणि प्रत्येक संध्याकाळी श्रीधर वैतागून म्हणे, "चांगलं चालू हाय ते काहून खोलून राहिला गा?" हापिसात एका मोरीच्या नकाशात दोन रेघा एकमेकींवर चढल्या. साहेबानं नुसतं वर पाहिलं. रुपरावच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं कौशल्येला हाक मारली. "इकडं ये वं जरा. या कागदावर काही दिसते का?"

कौशल्या पदराला हात पुसत आली. वाकली. "दिसते ना जी. गुंजेवानी लाल."

"कुठं?"

"हे काय, तुमच्या आंगठ्याच्या बाजूले. अशे काहून विचारून राहिले?"

रुपरावनं अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा गेला. मग त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. तिचे कान दिसले, केस दिसले, खांद्यावरचा पदर दिसला. मधे चेहरा नव्हता. तिथं कुणीतरी ओल्या बोटानं पुसून टाकल्यासारखा करडा डाग होता. तो डाग बोलला, "काय झालं जी?"

डायोड चांगला होता. तो जोड केल्यापासून चांगलाच होता.

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरगावचे पेशंट व्हरांड्यात अंथरुणं टाकून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, "गेल्या महिन्यातलं ग्रहण पाहिलं होतं का तुम्ही? नुसत्या डोळ्यांनी?"

"नाही बाई."

"मग कशाकडे पाहिलं?"

रुपरावनं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी सावकाश समजावलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा जो भाग बारीक पाहण्याच्या कामाचा असतो, नेमका तोच भाजला आहे. तो उजेड दिसायला मंद होता म्हणून डोळा मिटला नाही, पण आत तो पूर्ण जोरानं गेला. "सूज उतरली तर थोडंफार सुधारेल," त्या म्हणाल्या. "चालता-फिरता येईल, माणूस आला-गेला कळेल. वाचणं, लिहिणं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "दुसरा डोळा चांगला असता तर इतकं कळलंही नसतं तुम्हाला."

घरी आल्यावर दार लावून कौशल्या एकदम फुटली. "मी पोळ्या करून राहिली होती, पण मले ऐकू आलं होतं. श्रीधरभाऊनंच म्हणलं, डोळा लावून पाय. अन् तुमी लावला! एकच डोळा होता जी तुमच्यापाशी!"

"हळू बोल."

"काहून हळू बोलू? जाऊन सांगते त्यायले!"

रुपरावनं अंदाजानं तिचं मनगट धरलं. "त्याले सांगशील तर तो मरन, कौशल्या. त्याच्यापाशी आता ती संध्याकाळच राहिली हाय. माहा डोळा तर गेलाच. त्याचं काहून घेतं?"

"अन् तुमची संध्याकाळ?" ती म्हणाली. रुपरावनं तिचं मनगट सोडलं. पण ती सांगायला गेली नाही.

मग रोज संध्याकाळी कौशल्या नळी नीट करून देई आणि रुपराव बोले. श्रीधरला काही कळू नये म्हणून हापिसातल्या गोष्टी सांगे, त्यातल्या निम्म्या बनवलेल्या. हापिसात मात्र लपवणं जमेना. चेहरा दिसावा म्हणून त्याला समोरच्याच्या कानाकडे पाहावं लागे, आणि लोकांना वाटे, हा नजर चुकवतो. साहेबानं एक दिवस त्याला जवळ बोलावून विचारलं, आणि त्यानं सांगून टाकलं. साहेब बरा माणूस होता. नोकरी राहिली, टेबल गेलं. रुपरावला छपाईच्या खोलीत पाठवलं. तिथं दुसऱ्यांनी काढलेले नकाशे अमोनियाच्या यंत्रात घालून त्यांच्या निळ्या प्रती काढायच्या. त्या वासानं नाका-घशाची आग होई आणि डोळ्यांतून दिवसभर पाणी वाहे. कामाला नजर लागत नव्हती, कागदाची कड हातानं चाचपली की झालं.

पावसाळा सुरू झाला तेव्हा शोभाताईनं त्याला बाजारात पाहिलं. तो तिच्या समोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून गेला आणि थांबला नाही. तिनं हाक मारली तेव्हा तो थांबला, हसला, पण तिच्या खांद्यापलीकडे पाहून. मागून कौशल्या आली आणि तिनं त्याच्या हातातली पिशवी सरळ करून दिली. घरी जाऊन शोभाताईनं नवऱ्याला सांगितलं.

त्या संध्याकाळी श्रीधर नेहमीसारखा गरजला नाही. "रुपा," तो म्हणाला, "माह्या खिडकीत काय हाय, सांग बरं."

कौशल्या खाली होती. रुपरावनं रुळांपलीकडे पाहिलं. तिथं घरांची रांग असेल असा एक करडा पट्टा होता.

"काय राहीन? पडदा हाय."

"पडदा काढला सकाळीच. लाल लुगडं बांधून ठेवलं हाय. दुपारपासून फडफडून राहिलं."

रुळांवरून एक इंजिन एकटंच, डब्यांवाचून गेलं. त्याचा आवाज दोन्हीकडे पोचला असणार.

"कोणत्या दिवशी झालं?" श्रीधरनं विचारलं.

"कशाचं?"

"डोळ्याचं, रुपा."

"उन्हानं झालं बे. डॉक्टरीणबाई म्हणत होती..."

खट्ट आवाज झाला. श्रीधरनं आपलं यंत्र बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लागलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

रुपराव तिसऱ्या दिवशी निघाला. कौशल्येचा हात धरून फाटकाशी उभा राहिला, गाडी गेली, रूळ ओलांडले. श्रीधरच्या घराचा जिना त्याच्या पायांना पाठ होता. वर गेल्यावर वास आला, पूर्वीपेक्षा जास्त. शोभाताईनं खुर्ची खाटेशी ओढली आणि कौशल्येला घेऊन ती खाली गेली.

"मी म्हणलं होतं," श्रीधर म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "डोळा लाव म्हून मी म्हणलं होतं. हालू नको म्हून बी मीच म्हणलं. रातभर तेच ऐकू येते मले."

"तू म्हणलं, पण मंग म्हणलं," रुपराव म्हणाला. "मी त्याच्या आधीच लावला होता. तू नसतं म्हणलं तरी लावलाच असता. मले पाहाचंच होतं."

"खोटं."

"तुही शपथ."

"मग माह्याकडं पाहून सांग."

रुपराव त्याच्या उशीच्या कडेकडे पाहत होता. तिथून त्याला श्रीधर दिसत होता. खोल गेलेले गाल, वाढलेली दाढी, आणि डोळे, जे त्याच्यावरच खिळले होते. पण श्रीधरच्या बाजूनं पाहिलं तर हा माणूस नजर चुकवून बोलत होता. हे रुपरावला कळलं. त्यानं मान वळवली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पुसला गेला. उशी राहिली, खाटेची लोखंडी दांडी राहिली, खिडकीतला उजेड राहिला. जिथं मित्र होता त्या करड्या डागाकडे पाहून तो म्हणाला, "मी आधीच लावला होता, श्रीधर."

डाग म्हणाला, "बरं."

श्रीधर त्यानंतर फार दिवस राहिला नाही. रुपराव दर रविवारी जात असे, आणि आता त्याला कुणी येऊ नको म्हणत नव्हतं. पण बोलणं 'हो' आणि 'नाही'वर आलं होतं. जखमा चिघळल्या. गोळ्या तो तोंडात धरून ठेवी आणि शोभाताई खाली गेली की खिडकीतून थुंकून टाकी. खालच्या पन्हाळीत त्या सापडल्या तेव्हा फार उशीर झाला होता. पोळ्यानंतरच्या आठवड्यात ताप चढला आणि तो उतरलाच नाही. स्मशानात रुपरावला लोकांनी पुढे केलं. त्यानं फूल ठेवलं, ते छातीवर पडलं की बाजूला, ते त्याला दिसलं नाही.

महिनाभरानं शोभाताईनं निरोप पाठवला. भोंगे, ॲम्प्लिफायर, तारांची वेटोळी, सगळं ती भाड्यानं द्यायला काढणार होती आणि कोणतं चालू, कोणतं बंद, ते रुपरावनं सांगावं अशी तिची इच्छा होती. रुपराव गेला. खालच्या खोलीत तो एकेक यंत्र कानानं आणि बोटांनी तपासत होता, ती चिंध्यांनी पुसून बाजूला ठेवत होती. मधेच ती थांबली.

"भाऊजी, त्या दिवशी मी वर त्यायच्याच खोलीत होती," ती म्हणाली. "टॉर्च चमकून राहिला होता तेव्हा. दूध तापवून वर आणलं होतं."

रुपरावचा हात तारेवर थांबला.

"तुमी येऊन गेले ना, त्या रात्री त्यायनं मले विचारलं. म्हणाले, तू तर येथीच होती, मी आधी म्हणलं की त्यानं आधी लावला? मी म्हणलं, मले आठवत नाही, रुपरावभाऊ म्हणतेत तसंच असन."

"मग?" रुपरावनं विचारलं. त्यानं तिच्या कानाकडे नजर नेली, तिचा चेहरा दिसावा म्हणून. "मग काय म्हणला तो? मानलं त्यानं?"

शोभाताईनं हातातली चिंधी झटकली, घडी केली, पुन्हा उलगडली.

"काही नाही म्हणाले. पाणी मांगितलं," ती म्हणाली. "हा मोठा भोंगा पाहता का? याचा आवाज फाटून राहिला."